एकट्या काकू, सहा माणसांचं घर आणि तेच दोनशे रुपये: इंदूरच्या एका मल्टीतलं पाणीदराचं प्रकरण

इंदूरमध्ये अर्ध्या इंचाच्या घरगुती नळजोडणीला कित्येक वर्षं महिना २०० रुपये जलकर होता. घरात माणसं किती, पाणी किती वापरलं, नळ गळका आहे का, या कशाचाही त्या आकड्याशी संबंध नव्हता. नळावर मीटरच नाही म्हटल्यावर संबंध लावणार तरी कशाने?

हे प्रकरण शहराच्या पश्चिम भागातल्या एका जुन्या मल्टीतलं आहे. (इंदुरात फ्लॅटच्या इमारतीला सगळे मल्टीच म्हणतात.) आठ फ्लॅट, त्यांतले पाच मराठी. तिसऱ्या मजल्यावर निवृत्त शिक्षिका असलेल्या काकू एकट्या राहतात. तळमजल्यावर भाड्याने राहणारं सहा माणसांचं कुटुंब आहे: नवरा-बायको, सासूबाई, दीर आणि दोन मुलं. दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट बंद असतो, कारण मालक मुलाकडे पुण्याला. खजिनदार काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. नळजोडण्या आठ आणि बिलंही आठ, पण पाणी सगळं खालच्या एकाच हौदात पडतं. तिथून मोटरने गच्चीवरच्या टाकीत जातं आणि टाकीतून घरोघरी. नळ एक दिवसाआड येतात. उन्हाळ्यात कमी पडलं की बोरिंग सुरू होतं, आणि मे महिन्यात बोरिंगही दम टाकू लागलं की टँकर येतो.

वाद पेटला तो एप्रिल २०२१ च्या तोंडावर. पाणी, मलजल (म्हणजे घरांतलं सांडपाणी) आणि कचरा या तिन्हींचं शुल्क वाढवणारा आदेश निघाला, शहरभर ओरड झाली आणि काही दिवसांतच आदेश स्थगित झाला. पण तेवढ्या दिवसांत मल्टीच्या पार्किंगमध्ये तोंडाला मास्क लावून जी बैठक झाली, तिच्यात वर्षानुवर्षं दबलेलं सगळं बाहेर आलं.

काकू म्हणाल्या, "अहो, मी एकटी. सकाळच्या दोन बादल्या, संध्याकाळची एक. खालच्यांकडे मशीन दिवसातून दोनदा फिरतं. आजवर बिल सारखं होतं, मी बोलले नाही. आता वाढणार, तेही सारखंच?"

तळमजल्यावरच्या वहिनींनाही ते लागलं. "काकू, आम्ही काय हौसेने सहा जण दोन खोल्यांत राहतो? माणसं मोजून पैसे घ्यायचे ठरले, तर सगळ्यात जास्त आम्हालाच भरावे लागणार, आणि कमावणारे दोघेच आहेत."

दोघींचंही म्हणणं बरोबर होतं. जगभरात कुठेही पाण्याचा दर ठरवायला बसलं की हीच दोन म्हणणी समोरासमोर उभी राहतात: जो जास्त वापरतो त्याने जास्त द्यावं, आणि ज्याला परवडत नाही त्याचं पाणी महाग होऊ नये.

काकांचा हिशेब

खजिनदार काकांनी वाद मध्येच थांबवला. म्हणाले, "आधी हे पाणी इथवर चढवायला काय लागतं ते तर बघू." वीज मंडळात आयुष्य गेलेल्या माणसाला तो हिशेब तोंडपाठ होता, आणि मला वाटतं, इंदूरच्या पाणीदराची खरी किल्ली त्यातच आहे.

शहराचं बहुतेक पाणी नर्मदेचं आहे. होळकरांच्या काळात, १९३९ च्या सुमारास गंभीर नदीवर यशवंत सागर बांधला गेला. पुढे शहर त्याला पुरून उरलं. १९७० मध्ये नर्मदा इंदुरात आणा म्हणून मोठं आंदोलन झालं आणि १९७८ मध्ये पहिला टप्पा आला. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर लांबून पाणी येतं. मध्ये विंध्याचा चढ आहे. नदीच्या पातळीपासून पाणी सुमारे ५०० मीटर उंच चढवावं लागतं.

काकांनी जुन्या डायरीच्या मागच्या पानावर आकडे मांडले. हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो. ते ५०० मीटर वर उचलायचं तर १००० गुणिले ९.८१ गुणिले ५००, म्हणजे सुमारे ४९ लाख जूल ऊर्जा लागते. विजेचं एक युनिट ३६ लाख जुलांचं. म्हणजे १.३६ युनिट, तेही पंप आणि मोटर शंभर टक्के कार्यक्षम असतील तर. कार्यक्षमता ७० टक्के धरली तर जवळजवळ दोन युनिट होतात. पाइपातल्या घर्षणाची भर वेगळीच.

आता घराकडे. मलजलवाहिन्या असलेल्या शहरासाठी आपल्याकडचं प्रमाण माणशी रोज १३५ लिटर. पाच माणसांच्या घराला महिन्याला सुमारे २० हजार लिटर, म्हणजे ४० युनिट वीज. युनिटला सहा रुपये धरू. झाले २४० रुपये. आणि हा फक्त डोंगर चढवण्याचा खर्च. त्यात शुद्धीकरण नाही, तुरटी-क्लोरीन नाही, माणसांचे पगार नाहीत, फुटलेली लाइन जोडणं नाही, कर्जाचा हप्ता नाही. वसुली मात्र २०० रुपये.

याच हिशेबाने एकट्या काकूंच्या महिन्याच्या चार हजार लिटरला आठ युनिट, म्हणजे पन्नासच्या आत रुपये लागतात. सहा माणसांच्या घराला पन्नासेक युनिट, तीनशेच्या जवळपास. एक दिवसाआडच्या नळाला माणशी १३५ लिटर खरोखर मिळतात का, हा प्रश्न रास्तच आहे. पण प्रमाण बदलत नाही. काकूंच्या पैशातून खालच्या घराचं थोडं पाणी चढत होतं आणि दोन्ही घरांचं उरलेलं महापालिकेच्या इतर तिजोरीतून.

पाणीपुरवठ्याच्या अर्थशास्त्रात नेहमी सांगतात की या धंद्यात बहुतेक खर्च स्थिर असतो. धरण, नळ, शुद्धीकरण केंद्र एकदा उभं राहिलं की दहा लिटर जास्त दिल्याने फारसा फरक पडत नाही. बडोद्याला आजवा तलावाचं पाणी सयाजीराव महाराजांच्या काळापासून उताराने शहरात येतं. तिथे हे म्हणणं पटतं. इंदुरात नाही. इथे नळातून वाया गेलेली प्रत्येक बादली विजेवर विंध्य चढून आलेली असते. म्हणून सरसकट दर इतर शहरात अन्यायाचा असेल, इंदुरात तो अन्यायाचा आणि तोट्याचा दोन्ही आहे.

गळतीचं गणितही त्याच पानावर बसतं. केंद्र सरकारच्या मानकांप्रमाणे बिलात न येणारं पाणी २० टक्क्यांच्या आत असावं. समजा १०० लिटर चढवले आणि ७० चंच बिल झालं, तर त्या ७० लिटरांवर १०० लिटरांची वीज बसते. दोन युनिटांचे पावणेतीन होतात. दरवाढ मागण्याआधी ही गळती किती, आणि गेल्या वर्षीपेक्षा कमी झाली की नाही, हे लोकांना सांगणं मला अत्यावश्यक वाटतं. गळतीचा भार ग्राहकावर टाकता येतोच. म्हणून तर तो आकडा उघड हवा.

वाढ आली कुठून

मल्टीतल्या बहुतेकांची समजूत अशी, की महापालिकेला पैसे हवे होते म्हणून वाढ आली. मुळं थोडी लांब होती.

२०२० च्या मे महिन्यात, कोविडच्या काळात, केंद्राने राज्यांना त्यांच्या सकल उत्पन्नाच्या आणखी २ टक्क्यांपर्यंत कर्ज उचलायची मुभा दिली. त्यातला काही भाग चार सुधारणांना बांधला होता. त्यांतली एक शहरांची: मालमत्ता कराचे किमान दर ठरवा, पाणी आणि मलजलाचे किमान दर खर्चाच्या आणि महागाईच्या हिशेबात ठरवा, आणि ते ठरावीक काळाने वाढतील अशी व्यवस्था करा. ही अट पुरी करणारी पहिली दोन राज्यं आंध्र प्रदेश आणि मध्य प्रदेश. त्याबद्दल मध्य प्रदेशला २,३७३ कोटींचं जादा कर्ज घ्यायची परवानगी मिळाली. पुढच्या एप्रिलच्या तोंडावर इंदुरात तो वाढीचा आदेश निघाला.

दराची रीत त्याआधीही बाहेरून आलीच होती. २००३ मध्ये आशियाई विकास बँकेने भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर आणि जबलपूरच्या पाणी-मलजलासाठी २० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं, तेव्हाही खर्चवसुली ही कर्जाच्या मागची अपेक्षा होती.

मी या अटीला वाईट म्हणणार नाही. दर खर्चाशी जोडलेला असावा, दरवर्षी थोडा थोडा वाढावा, हे योग्यच आहे. नागपूरला ठरावीक वार्षिक वाढीची पद्धत आहे, मुंबईत वार्षिक वाढीला ८ टक्क्यांची मर्यादा आहे. चुकलं ते वेगळं. वर्षानुवर्षं दर गोठवून ठेवला आणि मग एका सकाळी एकदम वाढवला. आणि तो वाढवला तेव्हा शहरात निवडून आलेली परिषदच नव्हती. मुदत २०२० च्या सुरुवातीला संपली होती, प्रशासक कारभार पाहत होते, निवडणूक व्हायला २०२२ चा जुलै उजाडला. ज्याला जाब विचारायचा तो नगरसेवकच नाही, हिशेबाचा कागद कोणी दाखवत नाही, आणि वर कोविडची लाट. लोक चिडले नसते तरच नवल. काकूंनी बैठकीत एवढंच म्हटलं होतं की "माझ्याकडून घ्या, पण कशाचे घेताय ते तरी सांगा." दर ठरवणाऱ्या कुठल्याही अधिकाऱ्याने हे वाक्य टेबलावर लिहून ठेवावं.

मल्टीने स्वतःचा दर ठरवला

महापालिकेचा दर थांबला, पण मल्टीतला वाद थांबेना. कारण २०० रुपयांखेरीज एक दुसरं बिल होतं, जे लोक पाण्याचं बिल म्हणून धरतच नव्हते. मोटरची वीज, हौदाची सफाई, बोरिंगची दुरुस्ती, मे महिन्यातले टँकर. हे सगळं देखभालीच्या वर्गणीतून जायचं आणि आठ फ्लॅटांत सारखं वाटलं जायचं. टँकरच्या एका फेरीचे पैसे दोन-तीन फ्लॅटच्या महिन्याच्या जलकराएवढे व्हायचे. काकांनी वर्षाचे पैसे मांडले तेव्हा ही दुसरी रक्कम पहिलीपेक्षा बरीच मोठी निघाली. नळ रोज आणि दाबाने आला असता तर तिच्यातला बराचसा खर्च मुळात लागलाच नसता. लोक पाण्याला पैसे द्यायला तयार नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी एखाद्या मल्टीची देखभालवही जरूर उघडून बघावी.

पहिली सूचना आली फ्लॅटनिहाय मीटर लावायची. प्लंबरला बोलावलं. तो गच्चीवर गेला, टाकीखालचे पाइप पाहिले आणि मान हलवली. एका फ्लॅटला एक लाइन असं काही नाहीच. स्वयंपाकघरांची एक उभी लाइन वरपासून खालपर्यंत, न्हाणीघरांची दुसरी, संडासांची तिसरी. एका घराचं पाणी मोजायचं तर तीन-तीन मीटर, तेही भिंती फोडून. जुन्या मल्ट्यांत सगळीकडे असंच आहे. शंभर टक्के मीटर हे मानक कागदावर लिहिणाऱ्यांना या उभ्या पाइपांचा विचार कधी तरी करावा लागेल.

मग काकांनी खर्चाचे दोन भाग केले. काही खर्च पाणी वापरलं-न वापरलं तरी होतोच: हौद साफ करणं, बोरिंग आणि मोटर दुरुस्त ठेवणं, टाकीचा व्हॉल्व्ह. काही खर्च पाण्याबरोबर वाढतो: मोटरची वीज आणि टँकर. पहिला भाग आठ फ्लॅटांत सारखा, दुसरा माणसं मोजून.

पुण्याहून फोनवर बंद फ्लॅटचे मालक तडकले. "मी महिनोन्‌महिने तिथे नसतो, नळसुद्धा उघडत नाही, मग मी का देऊ?" काकांनी शांतपणे विचारलं, "दिवाळीला तुम्ही येता तेव्हा नळ सोडला की पाणी यायला हवं ना?" टाकी, मोटर, हौद हे त्यांच्यासाठीही तयार ठेवलेलं असतं. विजेच्या बिलात स्थिर आकार असतो तो याचसाठी. मालकांनी पहिला भाग मान्य केला, दुसऱ्या भागातून सुटले.

अडलं ते वहिनींपाशी. माणसं मोजली की त्यांचा वाटा जवळजवळ दुप्पट होत होता. इथे मल्टीने जे केलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पाच वर्षांखालचं मूल मोजायचं नाही, असं ठरलं. त्याने त्यांचं एक माणूस कमी झालं. तरी वाटा जास्तच होता. तेव्हा काकूच म्हणाल्या की पहिल्या वर्षी खालच्या घराला सवलत देऊ, पण वहीत तसं लिहू. "सवलत: इतके रुपये, सगळ्या फ्लॅटांनी मिळून." वहिनींना आधी ते नको होतं. मग त्यांनी ऐकलं, कारण आधीच्या पद्धतीत त्यांना मिळत होतं तेही काकूंच्याच पैशातून, फक्त ते कुठे लिहिलेलं नव्हतं आणि म्हणून दर उन्हाळ्यात टोमणे होते.

शहरांच्या दरातही हाच पेच असतो. टप्प्याटप्प्याने वाढणारे दर ऐकायला गरिबांच्या बाजूचे वाटतात, पण टप्पा जोडणीमागे मोजला तर एका नळावर तीन बिऱ्हाडं जगवणारा वाडा वरच्या टप्प्यात जातो आणि बंगल्यातलं दोन माणसांचं घर खालच्या टप्प्यात बसतं. दिल्लीत महिन्याला २० हजार लिटरपर्यंत बिल शून्य, पण त्यापुढे गेलं की सगळ्याच पाण्याचं बिल लागतं. काठावरचं मोठं कुटुंब एकदम कोसळतं. मुंबईने माणशी रोज १५० लिटरची मर्यादा धरली आणि त्यापुढच्या वापराला चढते दर लावले. माणसं मोजणं कटकटीचं आहे, पण न्याय त्यातच जास्त आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

वापरून झालेल्या पाण्याचं काय

मलजलाचा प्रश्न मल्टीत कोणी उचललाच नव्हता. संडासाचं पाणी गेलं की गेलं, त्याचे कसले पैसे? मग काकांनी विचारलं की ते जातं कुठे.

ते कान्ह आणि सरस्वती नदीत थेट जाऊ नये म्हणून शहराने मोठा खर्च केला आहे. कबीटखेडीचं केंद्र एकटंच दिवसाला २४.५ कोटी लिटर मलजल शुद्ध करू शकतं. नाल्यांत सोडलेली घरांची तोंडं शोधून वाहिन्यांना जोडली गेली. त्याच २०२१ च्या ऑगस्टमध्ये इंदूर देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर ठरलं, म्हणजे मलजल शुद्ध केल्याशिवाय नदी-नाल्यांत न सोडणारं शहर. म्हणजे ज्या वर्षी मलजलाची वाढ मागे पडली, त्याच वर्षी मलजलाच्या कामाचा मान मिळाला. पैसे कुठून तरी आलेच: अनुदानातून, इतर करांतून. केंद्र बांधायला अनुदान मिळतं. ते रात्रंदिवस चालवायला, हवा मारणारे ब्लोअर फिरवायला दर महिन्याला वीज लागते, आणि तिला अनुदान क्वचितच मिळतं.

घरातून बाहेर पडणारं मलजल कोणी मोजत नाही. दिलेल्या पाण्याच्या ८० टक्के मलजल होतं असं अभियंते धरतात आणि शहरं पाण्याच्या बिलाच्या ठरावीक टक्क्यांनी मलजल आकार लावतात. दिल्लीत तो पाण्याच्या वापरावरच्या आकाराच्या ६० टक्के आहे. अमेरिकेत कित्येक शहरं हिवाळ्यातला वापर धरून वर्षभराचा मलजल दर ठरवतात, कारण उन्हाळ्यात बागेला घातलेलं पाणी वाहिनीत येत नाही. आपल्याकडे बागेच्या जागी कूलर. मे महिन्यात आठही फ्लॅटचे कूलर जे पाणी पितात ते हवेत जातं. पण उलट बाजू मोठी आहे. बोरिंगचं पाणी महापालिकेच्या बिलात येतच नाही आणि वाहिनीत मात्र सगळं येतं. ज्या कॉलनीत बोरिंग जोरात, तिचं मलजल जवळजवळ फुकट वाहतं.

आणि यात आरोग्याचा भाग आहे, तो पैशापेक्षा गंभीर. एक दिवसाआड पाणी म्हणजे मधला सगळा वेळ नळाच्या लाइनीत दाब नाही. शेजारून जाणारी मलजलाची लाइन गळत असेल तर घाण पिण्याच्या लाइनीत शिरायला तेवढी संधी पुरते. जुन्या लाइनी वेळेवर बदलायचे पैसे दरात धरले नाहीत, तर त्याची किंमत मुलांच्या जुलाबांत मोजावी लागते. म्हणून दर ठरवताना चालू खर्चाइतकाच नूतनीकरणाचा निधी धरला पाहिजे, आणि तो दुसरीकडे वळवता येणार नाही असं बंधन पाहिजे.

पुढे

फेब्रुवारी २०२३ मध्ये महापालिकेने जलूदच्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठी २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणाच्या कामासाठी व्याजाने घेतलेलं कर्ज) काढले, सामान्य लोकांनाही ते घेता आले. मल्टीतल्या दोघांनी अर्ज भरला. काकांनी त्यावर बैठकीत बरंच समजावलं. सौर वीज आली की पाणी चढवायचा फिरता खर्च उतरतो, पण त्या जागी रोख्यांचं व्याज आणि मुद्दल येतं, आणि ते पाणी कमी वापरलं तरी द्यावंच लागतं. खर्च फिरत्या भागातून स्थिर भागाकडे सरकतो. म्हणजे पुढचा दर ठरवताना स्थिर आकार थोडा वाढवायला जागा आहे आणि लिटरमागचा दर त्या मानाने सौम्य ठेवायला. काकूंना हे फारसं आवडलं नाही, कारण स्थिर आकार वाढला की कमी वापरणाऱ्याचं नुकसान. त्यांचं म्हणणं वहीत लिहून घेतलं आहे.

मल्टीने झोन कार्यालयाला पत्र दिलं आहे, आठही फ्लॅटच्या सह्यांनी. मागण्या तीन आहेत. बिलावर हजार लिटरमागचा खरा खर्च छापा. त्यातले किती आमच्याकडून घेतले आणि किती इतर पैशातून भरले ते छापा. आणि गळती किती टक्के ते छापा.

पत्रात चौथी मागणी लिहायचा काकांचा आग्रह होता: बोरिंग असलेल्या इमारतींकडून मोटरच्या तासांवर मलजलाचा आकार घ्यावा. म्हणजे आपल्याकडूनही. त्यावर पाच फ्लॅट विरोधात गेले, काकूसुद्धा. मागणी पत्रातून काढली. काका मात्र बोरिंगची मोटर रोज किती वेळ चालते ते टाकीजवळच्या भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरवर लिहू लागले आहेत, आणि पुढच्या वार्षिक बैठकीत तो विषय पुन्हा घेणार आहेत.